संशोधन आणि आपली पेढी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा लेखी पाठ)



या संमेलनात भाषण करण्यासाठी चालक मंडळाने माझी योजना केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. मात्र त्यांनी मला विषय नेमून दिला नाही, हे काहीसे धोक्याचे झाले. निवृत्त शिक्षकाच्या हाती ध्वनिक्षेपक द्यावा आणि विषयाचे बंधन घालू नये, हे अनुभवी चालकांनी करण्यासारखे नव्हते. तथापि पानसुपारीची वेळ मी चुकविणार नाही, एवढे आश्वासन आरंभीच देऊन ठेवतो.

विषय मला शोधावा लागला नाही. गेल्या चैत्रात आपल्या विद्यानिधीच्या उपसमितीपुढे ज्ञातीतील एका मुलीचा अर्ज आला. मुलगी संख्याशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा वरच्या वर्गात उत्तीर्ण झालेली. कृष्णाकाठच्या बाजारपेठांना पुरापासून होणाऱ्या हानीचे मोजमाप कसे करावे, या विषयावर तिला प्रबंध लिहावयाचा आहे आणि त्यासाठी चार वर्षे निधीने साहाय्य करावे, अशी तिची विनंती आहे. आपल्या निधीचा नियम असा की वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा आणि हिशेबतपासणी या शिक्षणासच मदत द्यावयाची. कारण त्या शिक्षणाने विद्यार्थी चटकन स्वतःच्या पायावर उभा राहतो आणि पुढे निधीची परतफेड करतो. नियम वाईट नाही. ज्या वडीलधाऱ्यांनी तो केला, त्यांनी पै-पैसा जमवून हा निधी उभारला होता. परंतु अर्ज वाचून झाल्यावर उपसमितीतील माझ्या एका जुन्या स्नेह्यांनी सरळ प्रश्न केला, "प्रबंध लिहून होणार काय? तो कपाटात जाणार. याचा उपयोग कोणाला?" अर्ज तहकूब राहिला.

मी त्या उपसमितीचा सभासद आहे. चौतीस वर्षे गणित शिकविलेला माणूस त्या प्रश्नाला उत्तर न देता चहाचा पेला हाती घेऊन गप्प बसला, याची मला घरी आल्यावर लाज वाटली. त्या दिवशी जे बोलावयास हवे होते, ते आज आपणा सर्वांसमक्ष बोलतो. आणि ते मोठमोठ्या सिद्धांतांच्या आधारे न बोलता आमच्या एका घराच्या आधारे बोलतो; कारण उपयोग कोणाला, हा प्रश्न घराच्या उंबऱ्यावरूनच विचारला जातो.

आमचे घर मूळचे सांगलीचे. गणपती पेठेत वडिलांची हळद-गुळाची आडत होती. त्यांच्या मागे ती माझ्या थोरल्या बंधूंनी चालविली. त्यांना घरी आणि पेठेत सारे अण्णाच म्हणत. मी शिकत राहिलो, ते मॅट्रिक होऊन गादीवर बसले. माझे सारे शिक्षण त्या गादीच्या उत्पन्नावर झाले, हे येथे सांगितलेच पाहिजे.

२०१६ सालच्या दिवाळीत वहीपूजन झाले आणि त्यानंतर अण्णांच्या खतावणीत चुका दिसू लागल्या. ज्या माणसाने उभ्या जन्मात एक बेरीज दोनदा केली नाही, तो हातचा विसरू लागला. बोलताना शब्द अडे, चालताना उजवे पाऊल किंचित घासत जाई. घरच्यांनी मनाशी ठरविले, वय झाले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाविषयी असे ठरविणे फार सोपे असते, आणि सोयीचेही. डॉक्टरांनी मात्र एकच प्रश्न विचारला, गेल्या दोनतीन महिन्यांत कोठे पडला होतात काय? तेव्हा वहिनींना स्मरले की गणपतीच्या दिवसांत गोदामाच्या पायरीवरून ते घसरले होते, डोक्याला टेंगूळ आले होते, आणि हळदीचा लेप लावून ते पुन्हा सौद्याला गेले होते. त्याच दिवशी सीटी स्कॅन झाला. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साकळून त्याचा दाब मेंदूवर पडत होता. दुसऱ्या दिवशी कवटीला दोन लहान छिद्रे पाडून ते रक्त काढण्यात आले. पंधरवड्याच्या आत अण्णा उशीला टेकून खतावणी तपाशीत बसले आणि त्यांच्या गैरहजेरीत मुलाने केलेल्या दोन चुका त्यांनी काढून दाखविल्या.

आता हे यंत्र आले कोठून, ते पाहा. विल्हेल्म रॉन्टगेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले आणि हाड दिसू लागले. त्या शोधाचे एकाधिकारपत्र त्यांनी घेतले नाही. पण कवटीच्या आतील मऊ मेंदू क्ष-किरणांच्या साध्या चित्रात दिसत नसे. जे काही आत असेल, ते एकावर एक पडलेल्या सावल्यांत बुडून जाई. डोक्यात हवा भरून चित्र घेण्याची जी रीत होती, ती रोग्याचा जीव मेटाकुटीस आणणारी होती. वस्तू न फोडता आतील प्रत्येक बिंदूचे ज्ञान करून घ्यावयाचे, तर काय करावे?

आपल्या व्यवहारातील दृष्टांत देतो. गोदामात पोत्यांची थप्पी लागली आहे. एकही पोते काढून तोलण्याची मुभा नाही. मात्र थप्पीच्या प्रत्येक आडव्या ओळीचे, प्रत्येक उभ्या ओळीचे आणि प्रत्येक तिरप्या ओळीचे एकूण वजन आपल्याला सांगितले आहे. एवढ्यावरून प्रत्येक पोत्याचे वजन काढता येईल काय? पुरेशा दिशांच्या बेरजा मिळाल्या, तर येते. क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना वाटेत जे जे लागते त्याची बेरीजच घेऊन बाहेर पडतो. निरनिराळ्या कोनांतून अशा हजारो बेरजा घ्यावयाच्या आणि त्यांवरून आतील बिंदू न् बिंदू उलगडावयाचा, हेच या यंत्राचे मर्म. आणि हे उलगडणे शक्य आहे, हे योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने १९१७ साली सिद्ध करून ठेवले होते. त्याच्या मनात रुग्णालय नव्हते, रोगी नव्हता. तो शुद्ध गणिताचा प्रश्न होता. तो निबंध छापला गेला आणि, माझ्या स्नेह्यांच्या शब्दांत सांगावयाचे तर, कपाटात गेला.

पुढे १९५६ साली दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या ग्रूट शूर रुग्णालयात ॲलन कॉरमॅक नावाचा भौतिकीचा अध्यापक काही महिने किरणोपचाराच्या विभागावर देखरेख करण्यास गेला. शरीराच्या आतील भाग कमीअधिक दाट असतात हे जाणून न घेताच किरणांची मात्रा ठरविली जाते, हे त्याला खटकले. राडोनचे नावही त्याला ठाऊक नव्हते. त्याने तेच गणित आपल्या पद्धतीने पुन्हा सोडविले आणि १९६३ व १९६४ साली दोन निबंध प्रसिद्ध केले. प्रतिसाद जवळजवळ शून्य. निबंधाची प्रत मागणारे जे थोडे लोक निघाले, त्यांतले एक पत्र स्वित्झर्लंडमधील हिमलोटांचा अभ्यास करणाऱ्या केंद्राकडून आले होते. डोंगरावरील बर्फाच्या पोटात काय दडले आहे, हे त्यांना पाहावयाचे होते! वैद्यांना जे सुचले नाही, ते बर्फवाल्यांना सुचले. विद्येच्या शाखांमधील भिंती आपण समजतो तितक्या जाड नसतात, एवढे यावरून ध्यानात येते.

यंत्र प्रत्यक्ष घडविले ते गॉडफ्रे हौन्सफील्ड यांनी, इंग्लंडमध्ये, ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या ईएमआय कंपनीच्या प्रयोगशाळेत. गृहस्थ विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. त्यांचे पहिले यंत्र एका जुन्या लेथच्या सांगाड्यावर बसविलेले होते आणि एका चित्रासाठी लागणारी मोजमापे घेण्यास त्याला नऊ दिवस लागत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र या पद्धतीने घेतले गेले, आणि १९७९ साली कॉरमॅक व हौन्सफील्ड यांना मिळून नोबेल पारितोषिक देण्यात आले. १९१७ ते १९७१ असा हिशेब मांडला, तर व्याज सुटावयास चौपन्न वर्षे लागली. अण्णांच्या डोक्यातील रक्ताचा पत्ता त्या कपाटातल्या निबंधाने लावला.

आता पेढीकडे येतो. आपल्यापैकी अनेकांची घरे हळदीवर उभी राहिली आहेत. हरिपूरची पेवे ज्यांनी पाहिली असतील, त्यांना मी काय सांगावे! नदीकाठच्या त्या मातीत खोल खड्डे घेऊन, त्यांत पाला अंथरून हळद भरावयाची आणि तोंड बंद करावयाचे. वर्षानुवर्षे तिला कीड लागत नसे. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे. लहानपणी आम्ही कंदील दोरीने आत सोडलेला आणि तो विझलेला पाहून घाबरत असू. ही सारी विद्या पिढीजात होती, तिच्यावर प्रबंध नव्हता. म्हणून संशोधनावाचून आमचे अडले नाही, असे अण्णा अभिमानाने म्हणत. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याच्या उपचाराचे पेटंट मिळाले, तेव्हा मात्र पेठेत पहिल्यांदा चर्चा झाली. टेंगळाला हळद लावणाऱ्या वहिनी म्हणजे कायद्याने चोर ठरणार की काय, असा विनोदही झाला. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, ते पेटंट आव्हान देऊन १९९७ साली रद्द करविले. आता तेथे आजीबाईच्या बटव्याची साक्ष चालली नाही. छापील पुरावा हवा होता. परिषदेने बत्तीस संदर्भ सादर केले. त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते, आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली छापलेला एक निबंधही होता. चाळीस वर्षांहून अधिक काळ तोही कपाटातच होता!

परंतु संशोधक नेहमी आपल्या बाजूनेच बोलेल, असे मात्र कोणी समजू नये. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून १९३३ साली पुण्यातील फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. शेतकऱ्याचा माल गिऱ्हाइकाच्या हाती जाईतो मध्ये कोण काय घेतो, याचा तो हिशेब होता. अशा हिशेबात आडत्याचे कौतुक थोडेच असणार? आमच्या वडिलांच्या पिढीला पाहणी करणारे लोक म्हणजे सरकारचे हेर वाटत. उपरण्याखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची सवय ज्यांना होती, त्यांना उघड लिलाव हा अपमान वाटला होता, हे मी घरात ऐकलेले आहे. मला येथे कोणाला दुखवावयाचे नाही. पण जी गोष्ट मी आता सांगणार आहे, ती हळदीच्या प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकली पाहिजे.

बांगलादेशात काही वर्षांपूर्वी अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील आणि ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्रातील मंडळींना असे आढळले की खेड्यांतील गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिशाचे प्रमाण बरेच आहे. शिसे हे विष. पोटातील बालकाची बुद्धी ते जन्माआधीच खुंटविते. आसपास कारखाना नाही, मोटारींचा धूर नाही. मग हे शिसे येते कोठून? माती तपासली, डबे तपासले, धान्य तपासले. शिशाचे जे वेगवेगळे समस्थानिक असतात, त्यांचे प्रमाण हे शिशाच्या उगमाचे जणू बोटांचे ठसेच असतात. रक्तातील शिशाचे ठसे जुळले ते स्वयंपाकघरातल्या हळदीशी. जेना फोर्सिथ या संशोधिकेने मग बाजार पालथे घातले. पॉलिश करताना हळकुंडांवर एक झळझळीत पिवळी पूड टाकली जात होती. ती होती लेड क्रोमेट, सामान्यतः रंगकामात वापरला जाणारा रंग. जुन्या व्यापाऱ्यांनी तिला असेही सांगितले की ही रीत १९८०च्या दशकात पडली. मोठा पूर आला, हळद भिजून काळपट पडली, गिऱ्हाईक घेईना, तेव्हा कोणीतरी ती उजळविण्याचा हा उपाय काढला. पूर ओसरला, उपाय राहिला. बंधुभगिनींनो, मी हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ तसाच बसलो. कारण भिजलेली हळद विकण्याची चिंता काय असते, हे आमच्या घराने पाहिले आहे. ज्याने पहिली चिमूट टाकली, त्याला आपण विष टाकतो आहोत याची कल्पना नसावी. त्याला दुकान वाचवावयाचे होते.

२०१९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे जे घडले ते अधिक मोलाचे. ढाक्याच्या घाऊक बाजारात अन्नसुरक्षा अधिकाऱ्यांनी धाड घातली, त्याच जागी व्यापाऱ्यांना दंड झाला, ते साऱ्या देशाने दूरचित्रवाणीवर पाहिले. व्यापाऱ्यांच्या सभा घेऊन त्यांना समजावून सांगण्यात आले. २०१९ साली बाजारातील शेकडा ४७ नमुन्यांत शिसे होते. २०२१ साली एकाही नमुन्यात सापडले नाही. दोन वर्षांत! त्या तपासणीसाठी अधिकाऱ्यांच्या हाती जे लहानसे उपकरण दिले होते, तेही क्ष-किरणांवरच चालते. हळकुंडाला लावले की आतील शिसे काही क्षणांत सांगते. रॉन्टगेनची विद्या अण्णांच्या कवटीत गेली तशी हळदीच्या पोत्यातही गेली. आपल्या देशातील शहरांचे नमुनेही याच मंडळींनी पुढे तपासले. पाटण्याच्या काही नमुन्यांत शिशाचे प्रमाण भयंकर निघाले. आपल्या हळदीचे नाव आहे, सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. नावाची राखण करावयाची, तर तपासणीला भिऊन चालणार नाही. पॉलिशच्या ड्रममध्ये आपला कारखानदार काय टाकतो, हे येथे बसलेल्या किती जणांनी स्वतः जाऊन पाहिले आहे? हात वर करावयास मी सांगत नाही.

पुराची गोष्ट निघालीच आहे. २००५ साली गणपती पेठेत पाणी आले, हरिपूरची कित्येक पेवे त्या पाण्यात गेली. अण्णांनी दुकानाच्या भिंतीवर त्या पाण्याची रेघ ओढून ठेवली आणि माल ठेवण्याच्या फळ्या त्या रेघेच्या हातभर वर बसवून घेतल्या. शहाणपणाचीच गोष्ट होती. २०१९च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांपलीकडे गेले, आणि फळ्यांसह सारा माल बुडाला. तेव्हा पेठेतील लोक म्हणू लागले, असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो, आता आपल्या हयातीत चिंता नाही. दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैत, पेठेत पुन्हा पाणी! शंभर वर्षांतून एकदा, याचा अर्थ नदीने शंभर वर्षांची रजा घेतली असा नसून दर वर्षी शंभरात एक इतका तो संभव आहे असा असतो, हे वर्गात मी किती वेळा सांगितले होते. स्वतःच्या भावाला मात्र सांगितले नाही.

फळी किती उंच बसवावी, हा प्रश्न एका अख्ख्या देशाला पडला होता. हॉलंडचा पुष्कळसा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. ३१ जानेवारी १९५३च्या रात्री वादळाने समुद्र बांध फोडून आत शिरला आणि त्या देशात १,८३६ माणसे बुडाली. बांध अपुरे आहेत, असे योहान फान फेन या स्थापत्यज्ञाने आधी कित्येक वर्षे सांगितले होते. (अशा माणसांचे ऐकण्याची पद्धत कोणत्याच देशात नसावी.) त्या प्रलयानंतर जो आयोग नेमला गेला, त्याने आम्स्टरडॅमच्या गणितज्ञांनाही पाचारण केले. त्यांपैकी डाव्हिड फान डांट्सिख यांनी १९५६ साली जी मांडणी प्रसिद्ध केली, ती कोणत्याही व्यापाऱ्याला कळेल अशी आहे. बांध हातभर वाढविण्यास अमुक खर्च येतो. वाढविला तर पूर आत येण्याचा संभव अमुक इतका घटतो, म्हणजे सरासरीने अमुक हानी टळते. पुढच्या हाताचा खर्च त्याने टळणाऱ्या हानीइतका होईल, तेथे थांबावे. या हिशेबाच्या आधारे हॉलंडच्या मध्यभागासाठी वर्षाला दहा हजारात एक इतकाच धोका पत्करावा, असे प्रमाण ठरले. पुढे त्या देशात समुद्राची मुखे अडविणारी प्रचंड धरणे आणि दरवाजे उभे राहिले. त्यांतला रॉटरडॅमजवळचा मोठा दरवाजा १९९७ साली पुरा झाला. अलीकडे मात्र तेच लोक नदीचे बांध उचलून मागे नेत आहेत, नदीला पसरावयास जागा देत आहेत. पूररेषेत इमले बांधणाऱ्या आपल्या लोकांनी याची नोंद घ्यावी.

याच देशातील आणखी एका थोर पुरुषाचे नाव घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. हेन्ड्रिक लोरेन्ट्स हे भौतिकीतील अग्रगण्य पंडित, १९०२ सालचे नोबेल पारितोषिकाचे मानकरी. झायडर झे नावाचा उथळ समुद्र बांध घालून तोडावयाचा होता. पण बांध घातल्यावर बाहेरच्या भरतीचे पाणी किती चढेल? १९१८ साली सरकारने त्यांना समितीचे अध्यक्षपद दिले. ज्यांना जगातील विद्यापीठे आमंत्रणे देत होती, त्या गृहस्थांनी आठ वर्षे खाडीच्या भरती-ओहोटीचे आकडे मांडीत घालविली. अहवाल १९२६ साली आला, बांध १९३२ साली पुरा झाला, आणि त्यांनी वर्तविलेली पातळी खरी ठरली. ते पाहण्यास ते स्वतः हयात नव्हते.

आता जो भाग बोलावयाचा, तो सर्वांत अवघड आहे. तो इतरांपेक्षा आम्हा घरच्यांनाच अधिक लागणारा आहे. २०१९च्या पुरानंतर अण्णांनी पेढी मुलाच्या नावे केली. मुलगा सज्जन, हुशार. पुण्यात संगणकाच्या नोकरीत चांगला रमलेला. केवळ थोरला मुलगा म्हणून तो परत आला. सौद्याच्या वेळी त्याचा जीव घुसमटे. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर. अण्णांच्या आजारपणात रोजमेळ तिने लिहिला होता, पेढीवरचे शेतकरी तिला नावाने ओळखत होते. तिचे नाव कोणी काढले नाही. मीही काढले नाही. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली साऱ्या देशाने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. परंतु गादीवर कोणी बसावयाचे, हे कायदा ठरवीत नाही. तीन वर्षांत पेढी बंद झाली. मुलगा पुण्यास परतला. मुलगी आज दुसऱ्याच्या मसाल्याच्या व्यवसायात निर्यातीचे काम पाहते, आणि उत्तम पाहते.

या प्रश्नावरही प्रबंध लिहिले जातात, हे मला फार उशिरा कळले. डेन्मार्कमध्ये पाच हजारांवर कंपन्यांत चालक बदलल्यावर काय झाले, याचा अभ्यास चार अर्थशास्त्रज्ञांनी केला आणि तो २००७ साली प्रसिद्ध झाला. घरचा वारस बसविल्याने धंदा खालावतो की आधीच खालावलेला धंदा घरच्याच्या गळ्यात पडतो, हे ओळखणे कठीण असते. त्यांनी एक नामी युक्ती काढली. निवृत्त होणाऱ्या मालकाचे पहिले अपत्य मुलगा की मुलगी, हे निसर्ग ठरवितो. त्याचा धंद्याच्या बऱ्यावाईट स्थितीशी संबंध नसतो. पण पहिला मुलगा असेल, तर धंदा घरातच राहण्याचा संभव वाढतो. डेन्मार्कमध्येसुद्धा! या धाग्याने हिशेब केला, तेव्हा घरचाच वारस बसविल्यामुळे भांडवलावरील नफ्याचे प्रमाण सरासरीने किमान चार टक्क्यांनी खाली येते, असे दिसले.

म्हणून घरच्यांना दूर सारावे काय? जपानचे उदाहरण याहून निराळे आहे. तेथे व्यापारी घराण्यांत कर्तबगार माणसाला जावई करून घ्यावयाचे, दत्तक घ्यावयाचे, आडनाव द्यावयाचे आणि गादी त्याच्या हाती सोपवावयाची, ही रीत जुनी आहे. आपल्याकडे ज्यांची मोटार घरोघर पोचली, त्या सुझुकी कंपनीचे ओसामू सुझुकी हे असेच दत्तक जावई. जन्माचे आडनाव मात्सुदा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की दत्तक वारसांच्या हाती गेलेल्या कंपन्या रक्ताच्या वारसांच्या कंपन्यांपेक्षा सरस चालतात. जागा आपोआप मिळणार नाही, हे कळल्याने पोटचा मुलगाही अधिक झटतो, असे अनुमान त्या अभ्यासकांनी काढले आहे. आपल्याकडे दत्तकाची चाल होती, पण ती पिंडदानासाठी आणि नाव चालविण्यासाठी. कर्तबगारीची परीक्षा घेऊन दत्तक घेतल्याचे फारसे ऐकिवात नाही. आणि जावयाचे काय सांगावे! घरजावई या शब्दालाच आपण उपहासाचा वास लावून ठेवला आहे.

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेले. त्यांच्या कपाटात बेचाळीस वर्षांचे रोजमेळ सापडले. प्रत्येक पावसाळ्यात, जमाखर्चाच्या समासात, नदीचे पाणी कोणत्या दिवशी कोणत्या पायरीपर्यंत आले, पेठेत कोणाचा किती माल भिजला आणि भाव किती पडला, हे त्यांनी बारीक अक्षरांत टिपून ठेवले आहे. घरातील कोणाला ते ठाऊक नव्हते. रद्दीवाला दारात आला होता. ज्या मुलीचा अर्ज आपण तहकूब ठेवला, ती त्याच सुमारास माझ्याकडे आली आणि तिने विचारले, "काका, पेठेतल्या जुन्या पेढ्यांच्या वह्या कोठे पाहावयास मिळतील? सरकारी नोंदीत पाण्याची उंची आहे, पण दुकानात काय बुडाले ते कोठेच नाही." तिचा आमचा काही नातेसंबंध नाही, हे मी विश्वस्तांच्या माहितीसाठी स्पष्ट करतो.

माझी सूचना अशी आहे. विद्यानिधीच्या नियमात संशोधनाचा अंतर्भाव करणारी दुरुस्ती उद्याच्या सर्वसाधारण सभेत यावी; प्रारंभी दर वर्षी एकच विद्यार्थी घ्यावा, आणि परतफेडीची अट त्याला लावू नये. अण्णांच्या मिळकतीतील माझ्या वाट्याची जी रक्कम मला मिळाली, ती मी या कामासाठी निधीकडे देत आहे. धनादेश चिटणिसांच्या हाती सकाळीच दिला आहे. दुसरे असे की ज्यांच्या घरी बंद पडलेल्या किंवा चालू पेढ्यांच्या जुन्या वह्या असतील, त्यांनी त्या रद्दीत न घालता संस्थेच्या कार्यालयात कळवावे. सांगली, मिरज, कऱ्हाड येथील कुटुंबांना माझी ही विशेष विनंती आहे. आमचे रोजमेळ दोन ट्रंकांत भरून गेल्या आठवड्यात त्या मुलीच्या घरी पोचते केले आहेत. २००५ सालच्या वहीची शेवटची काही पाने पाण्याने चिकटली आहेत. ती कशी सोडवावीत हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक असेल, तर भोजनानंतर मला अवश्य भेटावे.